कंट्रोलच्या ओळी

“ओवा घेऊन चालल्या काय बाई? लय वास सुटला.”

बसस्टँडवरून गाडगेनगरला जाणाऱ्या ऑटोत ताराबाईंना खेटून बसलेली फुलवाली असं म्हणाली, आणि गेली तीन वर्षं ताराबाई जे उत्तर सगळ्यांना देत आल्या होत्या तेच त्यांनी तिलाही देऊन टाकलं. “हो ना,” त्या म्हणाल्या आणि बाहेर बघू लागल्या. इर्विन चौक मागे पडला. पुढे कोणीतरी हॉर्न वाजवत होतं, ऑटोवाला त्याच्याशी मान न वळवता भांडत होता, फुलवालीच्या मांडीवर झेंडूचा भला मोठा टोपला होता आणि त्यातली दोन फुलं ताराबाईंच्या पदरावर येऊन पडली होती. ती उचलून परत देताना त्यांच्या मनात सहज आलं, की एवढा झेंडू नाकाशी घेऊन बसलेल्या बाईला ओवा कुठून लागला? आपल्या पिशवीत तर ओवा नाही. पिशवीत चष्म्याचं घर, रिकामा डबा, वही, आणि एका पारदर्शक पिशवीत मोजून वीस पानं. लिंबाची. पाण्याच्या ओळीतली. इथपर्यंत त्या शांतपणे आल्या, आणि मग त्यांनी पिशवी एकदम छातीशी ओढली. पाण्याच्या ओळीतल्या पानांना ओव्याचा वास येऊच शकत नव्हता. तो यायला नको म्हणून तर त्या सकाळपासून तीन एसट्या बदलत आल्या होत्या.

हे सोवळं कॉलेजात सगळ्यांच्या थट्टेचा विषय होतं. ताराबाई अमरावतीच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होत्या आणि गेली नऊ वर्षं त्यांच्या डोक्यात एकच खूळ होतं : कागदी लिंबावरचा खैऱ्या. पानावर, फांदीवर, फळावर खरबरीत तपकिरी फोड येतात, भोवती पिवळं कडं, आणि असल्या लिंबाकडे बाजारात कोणी ढुंकून बघत नाही. हा रोग जिवाणूंचा. त्यावर ताराबाई ओव्याचं तेल पाण्यात मिसळून फवारत होत्या, म्हणजे हिवरखेडच्या माणिकबाईंच्या वावरात फवारून घेत होत्या. अठ्ठेचाळीस झाडं, चार ओळी. दोन ओळींना तेलाचं पाणी, दोन ओळींना नुसतं पाणी. तेलाची पानं प्रयोगशाळेतले किसनराव बर्फाच्या डब्यात घालून कॉलेजच्या जीपनं आणत, आणि पाण्याची पानं ताराबाई स्वतः एसटीनं. दोन्ही एका गाडीत बसली तर वास एकाचा दुसऱ्याला लागेल, मोजमाप बाटेल. पाण्याच्या ओळीत जायचं तेही कॉलेजातून फक्त ताराबाईंनी, धुतलेलं लुगडं नेसून, आधी. किसनराव म्हणत, “भटजीच्या घरच्या लेकीचं सोवळं हाये बापा, आमी दुरूनच बरे.” आणि चिमूटभर तपकीर नाकात कोंबत. त्यांच्या नाकाचा तसाही काही भरवसा नव्हता.

नाकाचा भरवसा म्हटलं तर एके काळी सगळ्या कॉलेजला ताराबाईंच्याच नाकाचा होता. बाजारातून तेलाची बाटली आली की झाकण उघडून त्यांच्यापुढे धरली जायची. लवंगेत काय मिसळलंय, गवती चहाचं तेल कितीदा गाळलेलं आहे, ओवा यंदाचा की मागचा, हे त्या डोळे मिटून सांगायच्या आणि मग यंत्रावरून निघालेल्या कागदावर तेच छापून यायचं. पोरं खूष व्हायची. ताराबाईही खूष व्हायच्या, उगाच नाही कशाला म्हणायचं. आणि मग तीन वर्षांपूर्वीच्या त्या तापात, ज्यात घरोघर माणसं निजली होती, त्याही निजल्या. उठल्या तेव्हा जीव जागेवर होता याचाच आनंद एवढा, की बाकी काय गेलं ते आठवडाभर कळलंच नाही. कळलं ते दूध करपलं तेव्हा. गोपाळकृष्ण, त्यांचे यजमान, कोर्टाचे कागद टाकून धावत स्वयंपाकघरात आले, आणि त्या पातेल्याजवळच उभ्या होत्या, काळ्या झालेल्या सायीकडे बघत. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत कोणी नसताना त्यांनी ओव्याच्या तेलाची बाटली उघडून नाकाशी लावली. नाकात थंड टोचल्यासारखं झालं, डोळ्यात पाणी आलं. वास नव्हता. त्या बाटलीत त्यांची आई होती, तव्यावर गरम करून छातीला लावलेली ओव्याची पुरचुंडी होती, थंडीतल्या पहाटा होत्या, आणि त्यांनी पुन्हा पुन्हा हुंगूनही तिथून कोणी बाहेर आलं नाही. त्यांनी झाकण घट्ट लावलं. यजमान आणि डॉक्टर सोडून कोणाला सांगितलं नाही. येईल परत, डॉक्टर म्हणाले होते. आणि येईपर्यंत, कोणी काही म्हटलं तर “हो ना” म्हणायला काय जातं?

काय जातं ते आता कळत होतं. पंचवटी चौकात ऑटो थांबला, फुलवाली टोपला सावरत उतरली, आणि ताराबाईंना एकाएकी मागचा श्रावण आठवला. श्रावणच, कारण माणिकबाईंच्या हातात बेलाची पानं होती. त्या आणि माणिकबाई पाण्याच्या ओळीत उभ्या होत्या, नक्की पाण्याच्याच, कारण झाडाला टांगलेल्या पत्र्यावर किसनरावांच्या वळणदार अक्षरातलं ‘कंट्रोल’ त्यांना आत्ताही दिसत होतं. माणिकबाईंनी लांब श्वास घेतला होता. “काय मस्त वास सुटला, न मॅडम?” त्या म्हणाल्या होत्या. आणि ताराबाई, वहीत फोडांचा आकडा लिहिता लिहिता, मान वर न करता, म्हणाल्या होत्या : हो ना.

त्यांचं उतरायचं ठिकाण आलं आणि गेलं. ऑटोवाल्यानं मागे वळून पाहिलं तेव्हा त्या एकट्याच उरल्या होत्या. “शेवटपर्यंत जाचं हाये काय मावशी?” तो म्हणाला. त्या म्हणाल्या, “चल.” उतरावंसं वाटत नव्हतं. डोक्यात दोन गोष्टी एकीमागून एक आल्या होत्या आणि त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून हलावंसंही वाटत नव्हतं. पहिली गोष्ट आनंदाची होती, इतकी की त्यांनी हाताची मूठ तोंडावर दाबून धरली. टेबलावर त्यांचा तीन वर्षांच्या कामाचा अहवाल तयार होता, शुक्रवारी जायचा होता, आणि शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं की तेलाच्या आणि पाण्याच्या ओळींत काही फरक आढळला नाही, सबब हा उपाय निरुपयोगी समजावा. ते वाक्य लिहून झाल्यावर त्या दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नव्हत्या. नऊ वर्षं! सव्वा वर्षानं सेवानिवृत्ती, त्यानंतर हे काम कोणी हातात घेणार नव्हतं, आणि तेल खोटं असं एकदा कागदावर गेलं की ते खोटंच राहणार होतं. पण दोन्ही ओळींना तेलच मिळालं असेल तर? तर फरक दिसणार कुठून? चारही ओळी सारख्या होत्या, पण सारख्या चांगल्या होत्या! बांधापलीकडे खुशालरावांची झाडं, तीच जात, तीच जमीन, पानापानावर फोड. ते त्यांनी दर खेपेला पाहिलं होतं आणि मोजणीत नाही म्हणून सोडून दिलं होतं. तेल खरं होतं. ऑटोत बसल्या बसल्या ताराबाईंना रडू आलं, आणि ते कोणाच्या पायाशी नेऊन ठेवावं ते त्यांना कळेना.

दुसरी गोष्ट मागाहून आली आणि शेजारी बसली. पाण्याच्या ओळीत कॉलेजातून फक्त त्या जात होत्या. तीन वर्षं, महिन्यातून एकदा, एकेका झाडाशी थांबून. ज्याला नाक आहे असं कोणीही माणूस तिथे पहिल्याच दिवशी थबकलं असतं. सोवळं त्यांनी मांडलं आणि त्या सोवळ्यात त्याच आंधळ्या होत्या.

घरी गोपाळकृष्ण व्हरांड्यात वकिली कागदांचा गठ्ठा सोडून बसले होते. तिसाव्या वर्षी काळा कोट चढवलेला हा माणूस रोज सकाळी दुधाचं पातेलं उघडून हुंगायचा आणि आतल्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणायचा, “ठीक आहे.” एवढं एकच वाक्य, गेली तीन वर्षं. बायकोला कधी तुला काय कळणार असं म्हणाला नाही, की बाहेर कोणाकडे बोलला नाही. सोहम, त्यांचा मुलगा, पुण्याहून आला की त्यालाही कळू नये म्हणून हाच माणूस चार दिवस दूध हुंगण्याआधी मुद्दाम खोकायचा. ताराबाईंनी चपला काढल्या, पारदर्शक पिशवी त्यांच्यापुढे धरली. “ह्याला कसला वास आहे?”

त्यांनी पिशवी उघडून नाक घातलं. “ओवा,” ते म्हणाले. “हलका आहे. पण ओवाच.”

“ही पाण्याची पानं आहेत.”

एवढ्यावर त्यांना सगळं समजलं, कारण घरात गेली तीन वर्षं दुसरा विषय नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे साक्षीदार फुटला,” ते म्हणाले, आणि मग बायकोच्या चेहऱ्याकडे बघून थट्टा आवरती घेतली. चहा त्यांनीच टाकला. चहा होईपर्यंत त्यांनी प्रकरण उलटंपालटं करून बघितलं; तो त्यांचा स्वभावच. शेतावर चूक झाली, तपासणीत पानांना वास आढळला, म्हणून आकडे बाद, आणखी एक हंगाम मिळावा. एवढं लिहिलं तर पुरे. “वास कोणाला आढळला, आधी का नाही आढळला, हे कोणी विचारणार नाही,” ते म्हणाले. “आणि विचारलं तर बघू.”

ताराबाई कप हातात धरून बसल्या. त्याच्या उबेवरून तो चहा आहे हे कळत होतं, जिभेवर साखर कळत होती, बाकीचं आठवून प्यायचं. गोपाळकृष्ण जे म्हणत होते ते आपल्यासाठी म्हणत होते, हे त्यांना इतकं स्वच्छ दिसत होतं की त्यांचा राग येईना. पण ‘शेतावर चूक झाली’ हे तीन शब्द त्यांच्या घशाखाली उतरेनात. नऊ वर्षांपूर्वी त्या हिवरखेडला गेल्या होत्या ते फक्त वर्गात दाखवायला रोगट पानं आणायला. माणिकबाईंनी पानं तोडू दिली, चहा पाजला, आणि निघताना सहज म्हणाल्या होत्या, “खळ्याजवळच्या दोन झाडाइले नाई होत हो हे. तिथं आमी ओवा झोडतो.” ताराबाई मनातल्या मनात हसल्या होत्या. पण नाकात ओवा घेऊनच परतल्या, आणि आठवडाभरानं, कोणी बघत नसताना, काचेच्या बशीत जिवाणू वाढवून मधोमध ओव्याच्या तेलाचा कागदी ठिपका ठेवला. दुसऱ्या दिवशी बशीभर जिवाणू माजले होते आणि ठिपक्याभोवती रुपयाएवढी जागा स्वच्छ होती. ती जागा बघताना त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं की आपण शिकलो ते फुकट गेलं नाही. ती जागा माणिकबाईंची होती. आणि आता चूक ‘शेतावर’ झाली? चूक काय झाली ते अजून विचारलंही नव्हतं. “मी उद्या हिवरखेडला जाते,” त्या म्हणाल्या. गोपाळकृष्णांनी कागद बांधले आणि सकाळची पहिली गाडी कितीला आहे ते मोबाइलवर बघायला लागले.

अकोटपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कपाशी फुटलेली होती आणि एसटीच्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला कशाचा तरी वास असणार होता. ताराबाईंनी मनात वाक्यं जुळवली, मोडली. रागानं बोलायचं नाही. शिकवल्यासारखं बोलायचं नाही. प्रत्यक्षात माणिकबाईंनी त्यांना फाटकाशी पाहिलं आणि हातातला विळा तसाच धरून विचारलं, “कालच त गेल्या होत्या मॅडम! काही राह्यलं काय?” आणि जुळवलेलं सगळं गळून ताराबाई सरळ म्हणाल्या, “माणिकबाई, कंट्रोलच्या झाडांना तेल मारलं का हो?”

“हो त,” माणिकबाई म्हणाल्या. “परवाच मारलं. तुमी येनार म्हणून सकाळीच उरकलं.”

त्यांच्या चेहऱ्यावर लपवण्यासारखं काहीच नव्हतं. ताराबाई बांधावर बसल्या. “पण त्यांना नुसतं पाणी द्यायचं होतं ना?”

“असं कवा म्हणल्या तुमी? तुमीच त सांगतलं, कंट्रोलच्या झाडाइलेबी तेवढेच पंप मारा. एकबी कमी नाई.”

आणि ताराबाईंना स्वतःचा आवाज ऐकू आला. तापातून उठून पंधरा दिवस झाले होते, पाय लटपटत होते, किसनराव पत्रे टांगत होते, आणि त्या झाडाला टेकून म्हणाल्या होत्या : कंट्रोलच्या झाडांनाही तेवढेच पंप मारायचे. ओल सारखी मिळाली पाहिजे म्हणून. वर्गात हे वाक्य त्यांनी इतकी वर्षं उच्चारलं होतं की ‘नुसत्या पाण्याचे’ हे दोन शब्द बोलायची गरजच त्यांना कधी वाटली नव्हती.

“बाटल्या त तुमी चोवीस झाडाइच्याच पाठवत होत्या,” माणिकबाई सांगत होत्या. “मंग म्या काय केलं, एका टाकीचं तेल दोन टाक्यात केलं. कंट्रोल म्हणजे काय मले समजत नाई काय? दर महिन्याले कंट्रोलच्या दुकानातून गहू आणतो न मी. माणशी मापून देते. कमी देते, पन साऱ्याइले देते.”

माणिकबाईंचे यजमान पंजाबराव विहिरीवरून हात पुसत येऊन उभे राहिले होते. “मी म्हणलं होतं हिले, एकडाव इचारून पाय,” ते म्हणाले. “त हे म्हणे, इचारलं त मॅडमले वाटन आपल्याले कंट्रोलबी समजत नाई.”

ताराबाई हसायला लागल्या. हसू कुठून आलं ते त्यांनाही कळलं नाही, पण ते थांबेना, पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या आणि दोघं नवराबायको एकमेकांकडे बघत राहिले. चौतीस वर्षं त्या हा शब्द फळ्यावर लिहीत होत्या. आणि सगळ्या वऱ्हाडात, गल्लोगल्ली, त्या शब्दाचा अर्थ होता रेशनचं दुकान. तो झाडाला टांगून त्या निघून गेल्या होत्या, आणि माणिकबाईंनी त्या शब्दाला जागून चोवीस झाडांचं तेल अठ्ठेचाळीस झाडांना मापून वाढलं होतं, तीन वर्षं, एक खाडा न करता. एका टाकीचं दोन टाक्यात. दोन टाक्यात! हसणं एकदम थांबलं. म्हणजे निम्मंच तेल. प्रयोगशाळेतल्या कुंड्यांत पूर्ण मापानं पानांच्या कडा करपत होत्या, आणि वावरात का करपत नाहीत याचं कोडं त्यांना दोन वर्षं सुटलं नव्हतं. निम्म्या मापानं कडा करपत नव्हत्या आणि निम्म्या मापानंही खैऱ्या आवरत असावा. असावा, एवढंच म्हणता येत होतं. बांधापलीकडच्या खुशालरावांच्या झाडांकडे बोट दाखवून काही सिद्ध होत नसतं. पण पुढचा प्रश्न कोणता, ते या बाईनं त्यांच्या हातात आयतं आणून ठेवलं होतं.

“आमचं काई चुकलं काय?” माणिकबाईंनी विचारलं. विळा त्यांनी खाली ठेवला होता.

“तुमचं नाही,” ताराबाई म्हणाल्या. “मी नीट सांगितलं नाही.”

“पन म्या त तुमाले म्हणलं होतं. मागच्या श्रावणात. इथंच उभं राहून म्हणलं, काय मस्त वास सुटला. तुमी म्हणल्या, हो ना.”

इथे दोन वाटा फुटत होत्या. गोपाळकृष्णांनी दाखवलेली वाट अजून उघडी होती आणि तिच्यावरून गेलं तर कोणाचं काही वाईट होणार नव्हतं. ताराबाईंनी समोरच्या झाडाकडे पाहिलं, पत्र्यावरच्या अक्षरांकडे पाहिलं. “माणिकबाई, मला वास येत नाही,” त्या म्हणाल्या.

“सर्दी झाली काय?”

“तीन वर्षं झाली. त्या तापापासून. कशाचाच येत नाही. मी खोटं बोलले.”

पंजाबरावांनी मान खाली घातली आणि विहिरीकडे काहीतरी राहिल्यासारखे निघून गेले. ताराबाईंना वाटलं, आता ही बाई म्हणेल, मग माझी तीन वर्षं कशाला घातली? म्हणायचा तिला हक्क होता. माणिकबाई त्यांच्याजवळ बांधावर बसल्या. “मंग जेवता कशा हो?” त्यांनी विचारलं.

ताराबाईंना हे कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, त्यांनी स्वतःही नाही. “तिखटमीठ कळतं,” त्या म्हणाल्या. “बाकीचं आठवून जेवते.”

“अगं माय,” माणिकबाई म्हणाल्या, आणि आपला मातीचा हात त्यांनी ताराबाईंच्या गुडघ्यावर ठेवला. उपकार ह्या शब्दाला लोक उगाच भितात. तो फेडायचा म्हटला की जड होतो. त्या क्षणी त्यांना तो फेडायचा नव्हता. गुडघ्यावर असू द्यायचा होता.

मग त्यांनी समजावून सांगितलं. ज्या झाडांना काही दिलं नाही त्यांच्याकडे बघूनच दिलेल्याचा गुण कळतो. ती आजारी पडतात म्हणून ही बरी झाली असं म्हणता येतं. माणिकबाई मन लावून ऐकत होत्या. “म्हणजे उपास,” त्या म्हणाल्या.

“हो. उपासच.”

“मंग कंट्रोल काऊन लिहिलं? उपास लिहा लागत होतं. उपासाच्या माणसाले कोनी घास देते काय?” त्यांनी ओळीकडे एक नजर टाकली. “अन हा उपास कोनासाठी?”

ताराबाईंनी बांधापलीकडे हात केला. “त्या झाडांसाठी. खुशालरावांच्या. आणि अशा सगळ्यांच्या.”

“सुटन कवा?”

हा प्रश्नही त्यांना कोणी विचारला नव्हता. कोणत्याच कागदात पाण्याच्या ओळींचं पुढे काय करायचं ते लिहिलेलं नसे. “दिवाळी झाली की,” ताराबाई म्हणाल्या. “पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. मी स्वतः येऊन सोडीन.”

“मंग ठेवतो,” माणिकबाई म्हणाल्या. “पुढच्या साली ठेवतो. पन सोडाले तुमी याच.”

शुक्रवारी अहवाल गेला. ‘निरुपयोगी’ असलेलं वाक्य ताराबाईंनी खोडलं आणि त्या जागी घडलं ते क्रमानं लिहिलं : सूचना अपुरी दिली, शब्दाचा स्थानिक अर्थ लक्षात घेतला नाही, प्रमुख संशोधकास तीन वर्षांपासून वास येत नाही व ही गोष्ट तिनं लपवली, म्हणून चूक वेळेत कळली नाही. शेवटचं वाक्य गोपाळकृष्णांनी दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम घातला आणि कागद परत दिला. किसनरावांना त्यांनी तोंडी सांगितलं. ते तपकिरीची डबी हातात धरून बसले. “मॅडम, मले वाटे माह्यंच नाक गेलं,” ते म्हणाले. “कोनी म्हणे वास हाये, तुमी म्हणत हो ना, मले येत नोता. म्या डॉक्टरले दाखोलं.” कॉलेजात काही दिवस कुजबुज झाली, एकदोघांनी कीव केली, आणि एका सहकाऱ्यानं चारचौघांत विचारलं की मग इतकी वर्षं तुम्ही काय हुंगत होता. ताराबाई म्हणाल्या, “लोकांची तोंडं.” काम मंजूर करणाऱ्या कचेरीचं उत्तर यायला दोन महिने लागले. आधीचे आकडे बाद. एक हंगाम दिला आहे, निम्म्या मापाची वेगळी ओळ धरावी, आणि प्रत्येक मोजणीआधी झाडांचा वास दुसऱ्या व्यक्तीनं तपासून त्याची नोंद ठेवावी. दुसरी व्यक्ती कोण असावी, ते कचेरीनं सांगितलं नव्हतं. ताराबाईंनी नोंदीच्या रकान्यात नाव घातलं आणि मग माणिकबाईंना फोन करून विचारलं, चालेल का. “हुंगाले काय लागते,” माणिकबाई म्हणाल्या.

आषाढ अर्धा सरला होता. उपासाच्या ओळींवरचे पत्रे बदलले होते, किसनरावांचं वळण तेच. ताराबाई धुतलेलं लुगडं नेसून वही घेऊन आल्या होत्या आणि त्यांच्या पुढे माणिकबाई, त्याही धुतलेलं नेसून, एकेका झाडाशी थांबत होत्या. खैऱ्या आला होता. नव्या पालवीवर बारीक फोड उठले होते, पिवळ्या कड्यांचे, आणि तेलाच्या ओळीकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तरी फरक दिसत होता, जो बघायला ताराबाई नऊ वर्षं जगल्या होत्या. तरी त्यांचा जीव या झाडांकडे ओढत होता. माणिकबाईंनी एक फोड आलेलं पान अंगठ्यानं चाचपलं. “सोसते बापा,” त्या झाडाला म्हणाल्या, आणि ताराबाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं करून वही उघडली.

“सोळावं,” त्यांनी आकडा सांगितला.

माणिकबाईंनी फांदी जवळ ओढली, तोंड पानांत घातलं आणि डोळे मिटले. एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं. तेलाचा असला तर वास लगेच लागतो. ताराबाई थांबल्या.

“तेलाचा नाई,” माणिकबाई पानांतूनच म्हणाल्या. “लिंबाचाच हाये. कवळ्या पानाचा. कसा सांगू, नखानं लिंबाचं साल खरडलं की येते न, तसा. अन जराकसा गोड. फूल असन कुठंतरी वर.”

रकान्यात ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहायचं होतं. ताराबाईंनी सगळं लिहून घेतलं, रकाना संपला तेव्हा समासात लिहिलं, आणि पेन तसंच धरून सतराव्या झाडाशी जाऊन उभ्या राहिल्या.